विद्यार्थ्यांची शर्यतगाडी : अभिकल्पामागील कारणांचा प्रश्न

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एका वर्षाच्या मुदतीत एकट्या चालकापुरती, उघड्या चाकांची लहानशी शर्यतगाडी स्वतः अभिकल्पावी, स्वतः बांधावी आणि इतर महाविद्यालयांच्या गाड्यांबरोबर तिला स्पर्धेत उतरवावे, ही प्रथा आता आपल्याकडे नवी राहिलेली नाही. बाहेरचा मनुष्य या उपक्रमाकडे खेळ म्हणून पाहतो. आमच्यापैकी काही अध्यापकही त्यास अभ्यासातील व्यत्यय मानतात. उलट पक्षी, विद्यार्थी त्यास सर्वस्व मानून वर्ष वाया घालविण्याच्या बेतास येतात. या तिन्ही दृष्टींत एक गोष्ट निसटते, आणि तिचेच विवेचन येथे करावयाचे आहे. ती अशी की, या स्पर्धेत मुख्यतः परीक्षा होते ती गाडीची नव्हे, तर गाडीचा प्रत्येक भाग तसा का केला याच्या उत्तराची. आणि नेमके तेच उत्तर आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी हरवते.

प्रथम स्पर्धेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. अमेरिकेत १९७९ साली ह्यूस्टन येथे 'मिनी इंडी' नावाची एक लहान स्पर्धा झाली. तीत सर्वांना एकच पाच अश्वशक्तीचे एंजिन वापरावे लागे. पुढे १९८१ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात तिला नवे नियम मिळाले व 'फॉर्म्युला एसएई' हे नाव पडले. एंजिन कोणतेही निवडा, परंतु ते ज्या वाटेने श्वास घेते ती वाट अरुंद ठेवा, ही कल्पना तेव्हापासूनची. ब्रिटनमध्ये ही स्पर्धा १९९८ साली आली व 'फॉर्म्युला स्टुडंट' म्हणविली गेली. जर्मनीत हॉकेनहाइम येथे २००६ पासून ती भरते. आपल्याकडे प्रथम आली ती तिची बहीण 'बाहा', म्हणजे खाचखळग्यांतून धावणाऱ्या गाडीची स्पर्धा; ती २००७ साली इंदूरजवळ पीथमपूर येथे सुरू झाली. सडकेवरील शर्यतगाडीची 'सुप्रा' स्पर्धा २०११ साली चेन्नईजवळच्या शर्यतपथावर प्रथम झाली. त्यानंतरची 'फॉर्म्युला भारत' ही कोइंबतूरच्या कारी मोटार स्पीडवेवर अनेक वर्षे भरत आली आहे. महाराष्ट्रातील चमू या प्रत्येक ठिकाणी दिसतात. मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'ओरायन रेसिंग इंडिया' हा चमू आपली गाडी जर्मनीस घेऊन गेलेला आहे, आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी विजेवर चालणारी गाडी इंग्लंडातील सिल्व्हरस्टोनच्या पथावर उतरविली आहे.

स्पर्धेचे गुण सामान्यतः एक हजार असतात. त्यांपैकी ६७५ पथावर मिळवावयाचे आणि उरलेले ३२५ गाडी जागेवर उभी असताना. या ३२५ मध्ये अभिकल्पाच्या तोंडी परीक्षेस १५०, खर्चाच्या हिशेबास १०० आणि व्यवसाय-योजनेच्या मांडणीस ७५ गुण आहेत. अभिकल्पाचे परीक्षक बहुधा मोटार-उद्योगात वा शर्यतीच्या क्षेत्रात आयुष्य काढलेले अभियंते असतात. ते गाडीभोवती फिरतात, एखाद्या पट्टीवर बोट ठेवतात आणि विचारतात, हे असे का? "मागील वर्षी असेच होते" हे उत्तर तेथे चालत नाही.

पथावरील प्रसंगांतही, नव्या वाचकास वाटेल तसा, वेगाचा डंका नाही. आठाच्या आकड्याच्या आकाराची एक परीक्षा असते. तीत आतल्या वर्तुळांचा व्यास १५.२५ मी. व बाहेरच्यांचा २१.२५ मी.; मधल्या तीन मीटरांच्या पट्ट्यातून गाडी फिरवावयाची. पाच सेकंदांत एक फेरी पुरी करणारी गाडी चांगली समजावी. गणित करून पाहता वेग ताशी अवघा ४१ किमी. येतो; पाटसच्या फाट्यावरून वळून बारामतीच्या रस्त्याला लागलेली एसटीही थोड्याच वेळात त्याहून जोरात धावू लागते. परंतु सुमारे नऊ मीटर त्रिज्येच्या वळणात तोच वेग गुरुत्वीय प्रवेगाच्या जवळजवळ दीडपट पार्श्व प्रवेग निर्माण करतो. अशी गाडी वळणात जितकी ताणली जाते, तितकी सरळ रस्त्यावर कधीच नाही. म्हणून तिच्या अभिकल्पाचे केंद्र एंजिनात नसून टायर जमिनीला जेथे टेकतो त्या तळहाताएवढ्या जागेत आहे. नवखा चमू आरंभी एंजिनाविषयी बोलतो. मुरलेला चमू टायरपासून सुरुवात करतो.

तथापि एंजिनाचे उदाहरण बोधप्रद आहे, कारण त्यात कारणांची साखळी स्पष्ट दिसते. नियमानुसार एंजिनात जाणारी सर्व हवा २० मिमी. व्यासाच्या एका गळ्यातून जावी लागते. (इथेनॉलचे मोठे प्रमाण असलेले ई-८५ हे इंधन वापरल्यास हा व्यास १९ मिमी. होतो, कारण तितक्याच हवेत ते अधिक शक्ती देते. उसाच्या पट्ट्यातील वाचकास ही गोष्ट रुचावी.) गळ्यातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की तिचे प्रमाण आणखी वाढत नाही, एंजिन कितीही ओढो. समुद्रसपाटीवरील दाब व २७° से. तापमान धरून हे कमाल प्रमाण सेकंदास सुमारे ०.०७४ किग्रॅ. येते. ६०० घ. सेंमी.चे चार सिलिंडरांचे एंजिन ही मर्यादा मिनिटास साडेबारा हजार फेऱ्यांच्या सुमारास गाठते. प्रत्यक्षात प्रवाह धडधडत येत असल्याने गळ्याचा जाच त्यापूर्वीच जाणवतो.

आता आपल्याकडील कित्येक चमूंनी केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलीचे ३७३ घ. सेंमी.चे एकाच सिलिंडरचे एंजिन का निवडले, ते पाहा. हे एंजिन परदेशी चार सिलिंडरी एंजिनापेक्षा हलके आहे, ते पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या मोटारसायकलीतील आहे, आणि त्याचे सुटे भाग गल्लीतील दुकानातही मिळतात. सरासरीने पाहता त्याला हा गळा पुरून उरतो. परंतु एकच सिलिंडर असल्याने ते आपली सारी हवा चक्राच्या एका चतुर्थांशात, एकाच घोटात, मागते. तेवढ्या क्षणापुरता गळा अपुरा पडतो. म्हणून गळा आणि झडप यांमध्ये हवेची एक कोठी ठेवावी लागते, आणि ती किती मोठी असावी हा प्रश्न उभा राहतो. कोठी लहान असेल तर घोट अडतो. फार मोठी असेल तर चालकाने पाय दाबल्यावर एंजिन उशिरा जागे होते. ज्या विद्यार्थ्यास एवढे सांगता येते, त्याला कोठीचे घनफळ परीक्षकापुढे पाठ म्हणून दाखवावे लागत नाही.

यात आणखी एक मेख आहे, आणि ती आपल्या भूगोलाची आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे सहा टक्के कमी असतो. येथे बसवून घेतलेला इंधनाचा तक्ता जर केवळ झडपेचा कोन आणि एंजिनाच्या फेऱ्या यांवर आधारलेला असेल, तर चेन्नईसारख्या ठिकाणी हवा अधिक येते व इंधन तेवढेच राहते. मिश्रण विरळ होते, निकास-वायू तापतात, आणि घरी निमूटपणे चालणारे एंजिन परगावी रुसते. दाबमापक जोडून तक्त्यात दुरुस्ती करणे हा उपाय सोपा आहे. परंतु तो दाबमापक कशासाठी जोडला आहे, हे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक पाहिजे.

येथे मुख्य मुद्द्याकडे वळतो. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या चमूस मार्गदर्शन केले होते. महाविद्यालयाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. चाचणीच्या वेळी, गाडी वळणापूर्वी वेग कमी करीत असता, पुढचे डावे चाक एकाएकी आत मुडपले. खालच्या द्विभुजेचे टोक चाकाच्या खांबाला जोडणारा ८ मिमी.चा बोल्ट तुटला होता. गाडी गवतात जाऊन थांबली. चालक विद्यार्थिनीस इजा झाली नाही, एवढे दैव. बोल्ट हलक्या प्रतीचा होता काय? नाही. तो नियमाप्रमाणे ८.८ या प्रतीचा, म्हणजे दर चौ. मिमी.स ८०० न्यूटन ताणबल सोसणारा व सुमारे ६४० न्यूटनांपर्यंत कायमचा न वाकणारा होता. दोष जोडणीत होता. बोल्ट एकाच बाजूने खांबात बसविलेला होता, आणि त्याच्या मोकळ्या टोकावर गोलीय धारवा लोंबकळत होता.

हिशेब करून पाहू. चालकासह २८० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी गुरुत्वीय प्रवेगाच्या १.४ पट मंदनाने थांबविली तर, पुढील चाकांवर येणारा वाढीव भार व सांध्यांची उंची लक्षात घेता, खालच्या सांध्यावर सुमारे २,००० न्यूटन बल येते. हे बल बोल्टच्या आधारापासून १५ मिमी. अंतरावर लागत असेल तर नमन परिबल ३०,००० न्यूटन-मिमी. होते. ८ मिमी. व्यासाच्या सळईत त्यामुळे दर चौ. मिमी.स सुमारे ६०० न्यूटन प्रतिबल उत्पन्न होते; म्हणजे बोल्ट वाकण्याच्या उंबरठ्यावर आला. आधाराच्या तोंडाशीच जर बोल्टचा आटा आला असेल, तर आट्याच्या तळाचा व्यास साडेसहा मिमी.च्या आसपास उरतो आणि तेच प्रतिबल अकराशेच्या वर जाते. पहिल्याच जोरदार थांब्यात बोल्ट तुटत नाही तो केवळ धातू थोडा लवतो म्हणून. पण दर थांब्यागणिक त्याच्या शिणवट्यात भर पडत असते. आता त्याच बोल्टला दुसऱ्या बाजूनेही पोलादी पट्टीचा आधार द्या, आणि दोन आधारांतील अंतर २० मिमी. ठेवा. नमन परिबल १०,००० न्यूटन-मिमी.वर येते, प्रतिबल २०० वर. एका लहानशा पट्टीने प्रतिबल तिपटीने, आणि आटा आधाराशी असलेल्या स्थितीच्या मानाने पाचपटीहून अधिक उतरले.

स्पर्धेच्या नियमांत याविषयी एक सूचना आहे. गोलीय धारव्याची जोडणी दुहेरी आधाराची असावी, किंवा धारवा निसटू नये म्हणून त्यापेक्षा मोठी चकती तरी लावावी. आमच्या चमूने चकती लावली होती. नियम पाळला गेला होता. परंतु चकती धारवा सुटू न देण्यापुरती आहे. बोल्ट तुटू न देणे हे तिचे काम नव्हे. नियम आणि त्याचे कारण यांतील अंतर इतके थोडे आणि इतके महत्त्वाचे असते.

खरा धक्का पुढेच बसला. जुन्या सामानात तीन वर्षांपूर्वीच्या गाडीचा खांब सापडला. त्यावर दुसरी पट्टी होती! चौकशी करता कळले की त्या वर्षीही असाच बोल्ट वाकला होता, आणि तेव्हाच्या विद्यार्थ्यांनी रात्र जागून ही पट्टी बसविली होती. मग ते विद्यार्थी पदवी घेऊन गेले. पुढच्यांनी संगणकातील आराखडा उघडला, वजन कमी करण्याच्या ईर्ष्येने एकेक भाग तपासला, आणि ही पट्टी त्यांना निरुपयोगी वाटली. चार चाकांवर मिळून दोनशे-अडीचशे ग्रॅम वाचले. आराखड्यात पट्टीची लांबी, रुंदी, जाडी, पोलादाची जात, सर्व काही होते. ती तेथे का आहे, एवढेच नव्हते.

प्रस्तुत लेखकाचे गाव पाटस. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता, दौंडकडचा लोहमार्ग आणि भीमा सहकारी साखर कारखाना यांमुळे गळिताच्या हंगामात या परिसरात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची व टायरगाड्यांची रीघ लागत आलेली आहे, आणि त्यांच्या दुरुस्तीवर जगणाऱ्या वेल्डिंगच्या टपऱ्या रस्त्याकाठी उभ्या आहेत. त्या अपघातानंतरच्या हिवाळ्यात चमूतील दोन विद्यार्थी माझ्याबरोबर गावी आले होते. एका टपरीपुढे ट्रॉली उभी होती. ट्रॉलीच्या दांड्याचे कडे ट्रॅक्टरच्या मागील दोन जाड पट्ट्यांच्या मध्ये येते, आणि पिन वरच्या पट्टीतून, कड्यातून व खालच्या पट्टीतून आरपार जाते, हे त्यांनी पाहिले. मिस्त्रींना त्यांनी विचारले की, एकच पट्टी ठेवली तर लोखंड वाचणार नाही का? मिस्त्रींनी उत्तराऐवजी कोपऱ्यातील भंगारातून एक वाकडी पिन काढून त्यांच्या हाती दिली. खालची पट्टी झिजून फाटली होती, तरी मालकाने हंगाम संपेपर्यंत ट्रॉली तशीच ओढली, त्याचे ते फळ होते. ती पिन त्यांनी फेकून दिली नव्हती, हे मला विशेष वाटले. नव्या पोऱ्याला कामास लावताना ती दाखविता येते, असे ते म्हणाले.

आमच्या कर्मशाळेत मोडका बोल्ट कोणी ठेवला नव्हता. यात ग्रामीण कारागिराचे गौरवगान करण्याचा माझा हेतू नाही. त्या टपरीत प्रतिबलाचा हिशेब होत नाही, आणि गाडी हलकी करावयाची झाली तर पट्टी किती पातळ करता येईल हे तेथे सांगता येणार नाही. आमचे विद्यार्थी ते सांगू शकतात. परंतु टपरीत माणूस तोच राहतो; मिस्त्री वीस वर्षे तेथेच असतात. आमच्याकडे चमूची पिढी दोन-तीन वर्षांत बदलते. एखाद्या कारखान्यातील अभिकल्प-विभागातून दर तीन वर्षांनी सर्व अभियंते काढून टाकावेत आणि केवळ आराखडे ठेवावेत, तशी ही स्थिती आहे. अशा विभागाने चौथ्या वर्षी चांगली गाडी काढली तर तो योगायोगच समजावा.

दूर अंतराच्या शर्यतीतही हेच दिसते. ही सुमारे २२ किमी.ची असते, पाटसहून यवतपर्यंतचे अंतर जवळजवळ तेवढेच. याच एका प्रसंगास सर्वांत अधिक गुण असतात, आणि मध्यावर चालक बदलावा लागतो. गाडी थांबते, एंजिन बंद होते, तीन मिनिटांत दुसरा चालक बसतो, कळ दाबतो, आणि पुष्कळदा काहीच होत नाही. एंजिन बंद पडताच पाण्याचा पंप थांबतो. सिलिंडरच्या माथ्यातील उष्णता भोवतालच्या नळ्यांत शिरते, इंधनाची वाफ होते, आणि पंखा चालू ठेवावा तर विजेरी उतरते. ज्या चमूने घरी तापलेली गाडी मुद्दाम बंद करून, तीन मिनिटे थांबून, पुन्हा सुरू करण्याचा सराव केला असेल, त्याची गाडी सुरू होते. हा सराव करावा असे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. ज्याची गाडी एकदा तेथे उभी राहिली त्याला ते ठाऊक असते, आणि पुढच्या वर्षी तो चमूत नसतो.

यावर काय करावे? अहवाल लिहून घेणे हा उपाय आम्ही करून पाहिला; तो फसला. स्पर्धेनंतर लिहिलेल्या अहवालात यशाचे वर्णन येते, छायाचित्रे येतात, आभार येतात. त्यास्तव अलीकडे आम्ही प्रत्येक भागासाठी एक पान ठेवावयास आरंभ केला आहे. त्या पानावर परिमाणे लिहावयाची नाहीत, ती आराखड्यात असतातच. लिहावयाचे ते एवढेच : हा भाग काय सोसतो असे आम्ही धरले, ते कशावरून धरले, दुसरे कोणते पर्याय होते व ते का सोडले, आणि हा भाग काढून टाकला तर प्रथम काय तुटेल असे आम्हांस वाटते. शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यांना आरंभी विचित्र वाटतो. पण ज्याला तो सोडविता येत नाही, त्याला तो भाग समजलेला नसतो, असा अनुभव आहे. मोडलेला भाग त्या पानास चिठ्ठी लावून कपाटात ठेवावयाचा. कपाटातील पहिली वस्तू तो ८ मिमी.चा बोल्ट आहे.

या कामात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा भाग मोठा असावा, असे माझे मत आहे. सध्या ते या उपक्रमाकडे 'पदवीच्या मुलांचा खेळ' म्हणून पाहतात. वस्तुतः विभागात दीर्घकाळ राहणारे विद्यार्थी तेच, विशेषतः संशोधन करणारे. आणि नव्या चमूने एखादी पट्टी काढावयाची ठरविली तर जुने पान काढून त्यांच्यापुढे ठेवणारा कोणी तरी हवा. पट्टी काढूच नये असे नव्हे. पुरेसे जाड व आखूड आधाराचे टोक केले, आटा आधारापासून दूर ठेवला, तर एकेरी जोडणीही सुरक्षित करता येते. मात्र ती हिशेब मांडून आणि जुने कारण खोडून केलेली असावी. परीक्षकांपुढे असे उत्तर देणाऱ्या चमूस अधिक गुण मिळतात, हा लाभ दुय्यम होय.

आमच्या चमूने पुढील गाडी विजेवर चालणारी करावयाचे योजिले आहे. या वर्गात ८० किलोवॅटपर्यंत शक्ती व ६०० व्होल्टपर्यंत एकदिश विद्युत् दाब यांस परवानगी असते. तेथे विजेऱ्यांच्या पेटीत एखादा निरोधक पडदा कशासाठी घातला आहे हे न कळून कोणी काढला, तर चाक मुडपून गाडी गवतात जाणे एवढ्यावर भागणार नाही. म्हणून पेटीचा पहिला भाग जोडण्यापूर्वी तिची पाने लिहून पुरी व्हावीत, आणि ती चमूबाहेरच्या एका अध्यापकाने व एका संशोधक विद्यार्थ्याने वाचून त्यांवर सही करावी, असे ठरले आहे. आजपर्यंत चौदा पाने लिहून झाली. त्यांपैकी पाच परत पाठवावी लागली, कारण शेवटच्या प्रश्नापुढे 'लागू नाही' असे लिहिले होते.